फ्रिजमधला बोंबलांचा वास

प्रश्न: लालबागला आमचं वन रूम किचन. रविवारी ओले बोंबील फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रभर वीज गेली. बोंबील फेकले, फ्रिज दोनदा पुसला, तरी दुधाला तोच वास! सासूबाई चहा घेईनात. काय करू?

उत्तर: ताई, आधी प्लग काढा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून आतून पुसा. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने घासा. गार काचेवर गरम पाणी नको, तडकते.

उत्तर: मागे कॉम्प्रेसरजवळचा पाण्याचा ट्रे पाहिलात का? आतलं पाणी तिथेच उतरतं.

प्रश्नकर्ती: ट्रेच होता हो! काळा, बुळबुळीत. धुतला. आता मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात. सकाळी सासूबाईंनी दोन कप चहा घेतला.