मदत हवी आहे: संध्याकाळ झाली की जीव घाबरा होतो

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातली, वय 68. मालक गेल्यापासून घरी एकटीच असते, लेकरं पुण्याला. दिवसा काही नाही. ज्वारी निवडते, शेजारणी येऊन बसतात. दिवेलागण झाली की छातीत धडधड सुरू. लेकाचा फोन नऊपर्यंत आला नाही, की डोक्यात नको नको ते येतं. गॅसचं बटण बघून येते, परत उठते, परत बघते. पहाटे तीनला जाग आली की मग डोळ्याला डोळा नाही. त्यात 1993 चा भूकंप बघितलेली माणसं आम्ही. रात्री मांजरानं ताटली पाडली तरी पाय आपोआप दाराकडं पळतात.

लातूरला ईसीजी, थायरॉईड, साखर सगळं झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." आता घेऊ नका म्हणून ते थांबतंय होय? झोपेच्या गोळीची मला भीती वाटते. उतारवयात तिनं तोल जाऊन पडायचा धोका असतो, आणि रात्री उचलायला कोण आहे इथं?

मनाच्या त्रासावर फोनवर बोलायला टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. कुणी लावलाय का? मराठीत नीट, घाई न करता बोलतात का? आणि लातूर किंवा अंबाजोगाईत म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेणारे मानसोपचाराचे डॉक्टर कुणाला माहीत असतील तर सांगा. दुपारचा चहा बंद केलाय. "नामस्मरण करा" एवढंच लिहू नका, हरिपाठ रोज चालूच आहे.