मदत हवी आहे: 'एव्हरीवन' एकवचनी, मग पुढे 'देअर' कसं चालतं?

मुलीला इंग्रजी व्याकरण शिकवताना मीच अडकलोय. एव्हरीवन, समबडी, नोबडी, ईच ही एकवचनी. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल अनेकवचनी, इथवर ठीक. (मराठीत 'सगळे आले' म्हणायची सवय, त्यामुळे 'एव्हरीवन आर' तोंडात येतंच, ते सोडा.) ऑल आणि समचंही जमलं, 'ऑफ'नंतरचं नाम बघायचं: सम ऑफ द मिल्क इज, सम ऑफ द बुक्स आर.

काल तिने लिहिलं, 'ईच ऑफ द बॉइज हॅव अ पेन.' मी हॅव खोडून हॅज केलं. लगेच प्रश्न: "बाबा, मग इथे बॉइज का नाही बघायचं?" ईच म्हणजे एकेक जण, म्हणून, असं सांगितलं. पटलं तिला. पण पुढचंच वाक्य होतं, 'एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर बुक.' हॅज एकवचनी, देअर अनेकवचनी, तेही एकाच वाक्यात! आम्हाला शाळेत इथे 'हिज' शिकवलं होतं. आता देअर सर्रास दिसतं, आणि 'हिज ऑर हर' लिहिलं की वाक्य सरकारी नोटिशीसारखं वाटतं. परीक्षेत काय लिहावं?

दुसरं घोडं अडलंय 'नन'पाशी. 'नन ऑफ द आन्सर्स इज करेक्ट' की 'आर करेक्ट'? दोन्ही छापलेलं पाहिलंय. दोन्ही चालत असेल, तर कुठे काय वापरायचं?

कुणी इंग्रजी शिकवत असेल तर कृपया सांगा. उदाहरणं दिलीत तर बरं, नियम तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.