मदत हवी आहे: यहेज्केल ३४ मधले ‘मेंढपाळ’ नेमके कोण?

सर्वांना सलाम. रविवारी आमच्या मंडळीत बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३४ व्या अध्यायावर बोलायचं आहे आणि मी एका ठिकाणी अडकलोय.

इस्राएलच्या मेंढपाळांनो, तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पण दुबळ्या मेंढराला बळ देत नाही, हरवलेलं शोधत नाही, असं संदेष्टा म्हणतो. आपल्याकडे पास्टरला ‘पाळक’च म्हणतात, त्यामुळे वाचताना डोळ्यांसमोर थेट पाळकसाहेबच येतात! पण त्या काळी मेंढपाळ म्हणजे राजा. बाबेलचा (बॅबिलोनचा) प्राचीन राजा हम्मुराबीसुद्धा स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. यहेज्केल तर इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला बंदी करून नेलेल्यांपैकी, आणि आदल्याच अध्यायात यरुशलेम पडल्याची बातमी येते. म्हणजे रोख राजे आणि सरदारांवर असावा. मग हे मंडळीच्या पुढाऱ्यांना लावताना नव्या करारातले योहान १ॐ (येशू ‘उत्तम मेंढपाळ’) आणि १ पेत्र ५ (वडिलांनी कळप पाळावा) यांचा आधार पुरेसा आहे का?

दुसरं म्हणजे १६ वं वचन. हिब्रूत देव पुष्ट व बलवान मेंढरांचा ‘नाश करीन’ म्हणतो, जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र ‘राखीन’. हिब्रूतली दोन्ही क्रियापदं लिहिताना अगदी सारखी दिसतात, त्यातून हा घोळ. पुढे १७ पासून धष्टपुष्ट मेंढरांचाच न्याय होतो, म्हणून मला ‘नाश’ पटतं. पंडिता रमाबाईंचं भाषांतर कुणाकडे असेल तर तिथे काय आहे ते सांगाल का? शनिवारपर्यंत कळलं तर बरं होईल.