मदत हवी आहे: कमी उलाढालीच्या शेअरचा खरा भाव कोणता धरावा?

फोंडेकरीण:

मंडळी, नमस्कार. बाबांच्या मागे आमच्या घरी इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाची मोजदाद नि वाटणी, चालू आहे. घर आणि भाट (बागायत) यांचं जमेल, अडलंय ते शेअरपाशी. बाबांनी एका जुन्या कंपनीचे शेअर वर्षानुवर्षं जमवले, ते आता १२,००० आहेत. भाव ६४० च्या आसपास, म्हणजे कागदावर ७६ लाख ८० हजार. आपल्या गोव्यातल्या कायद्याप्रमाणे निम्मे आईचे, उरलेल्या निम्म्यात आम्ही तिघं भावंडं.

दादाचं म्हणणं, सगळे विकून पैसे वाटून घेऊ. धाकटा म्हणतो, विकू नका, मी घेतो. पण बाजारात विकल्यावर जेवढे हातात आले असते तेवढेच देईन, बाजाराचा बंद भाव देणार नाही. दादाला यात धाकट्याचा फायदा दिसतो. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच पंचाईत आहे. चतुर्थीला सगळे गणपतीवरच्या माटोळीखाली जमतील, त्याआधी सर्वांना मान्य होईल असा आकडा काढायचा आहे.

ठरलेला खर्च मला मांडता येतो. डिलिव्हरीचे शेअर विकताना एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर) ०.१ टक्के, म्हणजे ७,६८० रुपये. दलाली, बाजाराचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मुद्रांक शुल्क घेणाऱ्याकडून जातं. पण या शेअरची दिवसाची उलाढाल सरासरी १,५०० नगांचीच आहे. काल दुपारी ॲपवर मार्केट डेप्थ (रांगेतल्या ऑर्डरींची यादी) उघडली तेव्हा घेणारे असे होते: ६३६ ला १५, ६३५ ला ४०, ६३२ ला २५, ६३० ला १००, ६२५ ला ६०. विकणाऱ्यांतला सर्वांत कमी भाव ६४४. म्हणजे पाचही ओळींत मिळून गिऱ्हाईक २४० शेअरना, आणि आमच्याकडे १२,०००!

आपल्याच विक्रीने भाव किती खाली येईल, हे आधी मोजता येतं का? वाचताना अमिहूद, रोल, काइल या अभ्यासकांची नावं आली, पण आमच्या कामाचं माप कुठलं ते कळेना. आणि धाकट्याने किती वजा करणं रास्त? कायद्याचं नि करांचं वकील आणि सीए बघताहेत, इथे फक्त भावाबद्दल विचारते.

तिसवाडीचा:

ताई, काहीही ठरवा पण मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला विक्री, लावू नका. एवढ्या विरळ शेअरमध्ये ती एका दमात खालच्या ओळी खात जाते. लिमिट, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाखाली न विकणारी ऑर्डर, लावायची आणि वाट बघायची. माझ्याकडेही असा एक शेअर आहे, घाई केलेल्याला तो शिक्षा करतो.

आकडेमोड:

फोंडेकरीणताई, तुम्ही डेप्थ दिलीत हे फार बरं केलंत, त्यावरून सुरुवात करता येते.

६३६ आणि ६४४ यांचा मध्य ६४०. दोन्हींतलं अंतर ८ रुपये, म्हणजे सव्वा टक्का. हा झाला स्प्रेड. पण तो फक्त पहिल्या १५ शेअरांपुरता खरा. समजा २०० शेअर लगेच विकले. १५ ला ६३६, ४० ला ६३५, २५ ला ६३२, १०० ला ६३० आणि उरलेल्या २० ला ६२५. एकूण १,२६,२४० रुपये, सरासरी ६३१.२०. मध्यापेक्षा ८ रुपये ८० पैसे कमी, म्हणजे १.३७५ टक्के. आपल्याकडे शेअर बाजार यालाच इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात. मार्जिनसाठी (सौद्यापोटी आगाऊ घ्यायच्या रकमेसाठी) शेअरचे गट पाडताना एक लाखाच्या ऑर्डरवर, सहा महिन्यांतल्या ऑर्डर बुकच्या अनेक नोंदींवरून ती काढतात आणि १ टक्क्याला रेघ मारतात. निफ्टी ५० या निर्देशांकात यायला १० कोटींच्या व्यवहारावर ०.५० टक्क्याच्या आत राहावं लागतं. या दोन आकड्यांशी ताडून पाहिलं की तुमचा शेअर कुठे बसतो ते दिसलंच. मात्र एका दुपारच्या डेप्थवर विसंबू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी नोंदी घ्या. सव्वानऊला बाजार उघडल्यानंतरची काही मिनिटं अंतर बरंच रुंद असतं.

१२,००० साठी डेप्थ पुरत नाही, कारण उद्याचे गिऱ्हाईक आज रांगेत नाहीत. तिथे एक ठोकताळा आहे, जगभरच्या बाजारांत बऱ्यापैकी लागू पडलेला: मोठ्या विक्रीने भाव हलतो तो साधारण रोजची चढउतार गुणिले वर्गमूळ, आणि वर्गमूळ कशाचं, तर आपली संख्या भागिले रोजची उलाढाल. चढउतार २ टक्के धरली तर १२,००० भागिले १,५०० म्हणजे ८, त्याचं वर्गमूळ २.८३, म्हणून घट साडेपाच-पावणेसहा टक्के. दिवसाच्या उलाढालीच्या आठपट विक्रीला हा नियम ताणलेलाच आहे, म्हणून तो केवळ अंदाज समजा.

हळूहळू विकलं तर? उलाढालीचा दहावा हिस्सा, रोज १५० शेअर, म्हणजे ८० सत्रं, जवळपास चार महिने. आपला धक्का कमी होतो, पण तेवढा काळ भाव कुठेही जाऊ शकतो. हातातले शेअर रोज सारखे कमी होत गेले असं धरून हिशेब केला तरी ही अनिश्चितता अधिक-उणे १० टक्क्यांच्या घरात जाते. तिसवाडीचा यांचा सल्ला बरोबर आहे, पण वाट बघण्यालाही किंमत असते.

आता तुमची नावं. अमिहूद यांचं २००२ मधलं माप सोपं आहे: दिवसाचा टक्क्यांतला बदल, चिन्ह सोडून, भागिले त्या दिवसाची रुपयांतली उलाढाल, आणि त्याची बऱ्याच दिवसांची सरासरी. ९ लाख ६० हजारांच्या उलाढालीत भाव १.८ टक्के हलला तर लाखामागे ०.१९ टक्के. भावकॉपी (शेअर बाजाराची रोजच्या भाव-उलाढालीची फाइल) उतरवून एक्सेलमध्ये करता येतं. दोन शेअरांची तुलना करायला किंवा हाच शेअर आधीपेक्षा विरळ झालाय का ते बघायला ते उत्तम, पण हा आकडा तुमच्या विक्रीला थेट गुणायला वापरू नका. एक तर शेवटचा सौदा कधी ६३६ ला, कधी ६४४ ला झाला की कंपनीत काहीही न घडता सव्वा टक्का बदल दिसतो. दुसरं, शेअर सर्किटला (दिवसाच्या भावमर्यादेला) अडकला की उलाढालही आटते आणि भावही पुढे सरकत नाही, मग त्या दिवसाचा आकडा खोटा बोलतो.

रोल यांनी १९८४ मध्ये ६३६-६४४ सारख्या ह्याच उड्या वापरून फक्त भावांवरून स्प्रेड काढायची रीत दिली. लागोपाठच्या बदलांचा सहविचलनांक (दोन बदल एकाच दिशेने जातात की उलट, त्याचं माप) ऋण आला तरच ती चालते, आणि विरळ शेअरमध्ये तो बरेचदा धन येतो. डेप्थ समोर दिसत असताना तुम्हाला तिची गरज नाही. काइल यांचा लॅम्डा, म्हणजे खरेदी-विक्रीच्या रेट्याने भाव किती हलतो त्याचं माप, काढायला प्रत्येक सौदा घेणाऱ्याने रेटला की विकणाऱ्याने, हे माहीत असावं लागतं. तोही सोडा.

फोंडेकरीण:

खूप आभार, आकडेमोड. म्हणजे धाकट्याने साडेपाच टक्के वजा करणं योग्य, असंच ना? मग ७६ लाख ८० हजारांतून सव्वाचार लाख जातात. दादाला हे सांगायचं कसं...

आकडेमोड:

नाही, थांबा. हा खर्च शेअरला चिकटलेला नसतो, बाजारात जाऊन घाईने विकणाऱ्याला तो पडतो. धाकटे बंधू घेणार असतील तर बाजारात कुणीच जात नाही, गिऱ्हाईकांची रांग तुडवली जात नाही. उलट बाजूनेही बघा. त्यांना हेच १२,००० शेअर बाजारातून घ्यायचे असते तर त्यांनी भाव वर नेला असता आणि तेवढेच टक्के जास्त मोजले असते. घरात दिल्याने विकणाऱ्याचेही वाचतात आणि घेणाऱ्याचेही. सगळी बचत एकट्याच्या पदरात का घालायची? मधला भाव धरला तर ती आपोआप सारखी वाटली जाते.

यात आईच्या आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याचं काय, तेही विचारा. आई ६,००० ठेवणार असतील, धाकटे आपले २,००० ठेवणार असतील आणि तुम्हीही थांबणार असाल, तर विकायचे राहतात फक्त दादांचे २,०००. त्याच ठोकताळ्याने त्यांची घट सव्वादोन-अडीच टक्के येते. शेअरच वाटून डीमॅटमध्ये घेता येतात का, ते वकिलांना आधी विचारा.

बंद भावाबद्दल मात्र धाकट्यांची शंका रास्त आहे, कारण वेगळं. बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी असतो. तुमच्या शेअरमध्ये त्या वेळात दहा-वीस नग फिरले असतील, तर कुणा एकाच्या ऑर्डरने तो ठरतो. त्यापेक्षा भावकॉपीतून गेल्या तीन महिन्यांची एकूण रुपयांतली उलाढाल घ्या, तिला एकूण नगांनी भागा. सर्किट लागलेले दिवस वेगळे दाखवा आणि ते धरून व न धरून दोन्ही आकडे सगळ्यांसमोर ठेवा.

फोंडेकरीण:

हे दोघांनाही दाखवता येईल. भावकॉपी उतरवायला बसले आहे. सर्किटच्या दिवसांचे दोन्ही आकडे आले की इथेच टाकते, एकदा तपासून द्याल का?

आकडेमोड:

जरूर. सोबत रोजचे नग आणि रोजची उलाढाल असे दोन्ही रकाने टाका, नुसता भाव नको.