मदत हवी आहे : पैदाशीच्या बोकडावर झोपमोडीचा परिणाम

मालवण तालुक्यात आमच्या कोकण कन्याळ शेळ्या आहेत. गोठ्याशेजारी रस्त्याचे काम रात्रभर चालू झाल्यापासून पैदाशीचा बोकड निवांत बसून रवंथ करीत नाही, माजावर आलेल्या शेळीला नुसते हुंगून बाजूला होतो आणि भरवलेल्या (त्याच्याकडून फळवलेल्या) शेळ्याही उलटत आहेत, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येत आहेत.

ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, त्यामुळे मेंदूकडून वृषणांना मिळणारा एलएच संप्रेरकाचा संदेश मंदावतो आणि टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक घटते, हे वाचले आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलेल्या तरुण पुरुषांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले होते. मात्र बोकड माणसासारखा सलग झोपत नाही, डुलक्या घेतो. तेव्हा हा आकडा त्याला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही.

बोकडात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ४७ दिवस लागतात. मग काम थांबल्यावर दोन महिने वाट पाहावी, की आताच वीर्यतपासणी करावी? टेस्टोस्टेरॉन दिवसभरात बरेच वरखाली होत असल्याने रक्ताचा एकच नमुना पुरेसा ठरेल का? आणि आपल्याकडच्या दमट उकाड्याचा परिणाम यातून वेगळा कसा ओळखावा? जाणकार पशुवैद्यकांनी व शेळीपालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.