गणपतीची शिल्लक आणि समोरच्या गल्लीतली पोरं

सर (ए-२०१): काल शिल्लक वर्गणीचा विषय अर्धवट राहिला. माझं म्हणणं असं, की समोरच्या गल्लीत खोल्या करून नीटची तयारी करणाऱ्या पोरांसाठी आठवड्यातून एकदा आपल्या हॉलमध्ये समुपदेशक बोलवावा. लातूर पॅटर्नचं कौतुक आपण सगळेच करतो, मग या पोरांचं मनही आपणच बघायला पाहिजे.

काका (बी-१०३): सर, हे सरकारचं काम आहे. वर्गणी देवाची.

सर (ए-२०१): काका, टेक्सासमध्ये इमा हॉग नावाच्या बाई होऊन गेल्या. वडील तिथले गव्हर्नर, पुढे जमिनीत तेल लागलं, पैसा अफाट. १९१८ च्या अखेरीस त्यांनाच नैराश्यानं गाठलं आणि दोन वर्षं फिलाडेल्फियात उपचार घ्यावे लागले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी ह्यूस्टनला मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं. लहानपणीच हात दिला तर मोठेपणीचं दुखणं टळतं, हा त्यांचा विश्वास. भाऊ गेल्यावर त्याच्या इस्टेटीतून १९४० मध्ये टेक्सास विद्यापीठात मानसिक आरोग्याचं प्रतिष्ठान उभं केलं. ते आजही चालू आहे.

ताई (सी-३०४): एवढा पैसा असताना बाई घरी बसल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

सर (ए-२०१): घरी कुठल्या बसतात! १९४३ मध्ये ह्यूस्टनच्या शाळा मंडळावर निवडून गेल्या आणि शिक्षकांचा पगार बाई-पुरुष, काळा-गोरा बघून ठरू नये म्हणून भांडल्या.

काका (बी-१०३): ग्रुपवर राजकारण नको हं.

सर (ए-२०१): पक्षाचं नाव कुठं घेतलं काका? २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क झालाय. पण राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. मत मागायला येतील त्यांना हे आपण विचारायचं नाही तर कुणी? तोवर पोरांनी थांबायचं का?

ताई (सी-३०४): टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिफ्टजवळ लावू. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात. मेसवाल्या मावशींनाही सांगते, कोण जेवत नाही ते त्यांनाच आधी कळतं.

काका (बी-१०३): बरं. माझा पुतण्याही तिथंच राहतो. शिल्लक द्यायला माझी हरकत नाही, पण आलेल्या पोराचं नाव वहीत लिहायचं नाही आणि वॉचमननं अडवायचं नाही. रविवारी बैठक ठेवा.