मदत हवी आहे: कर्ज न काढता भारतातून दत्तक, पैसे कसे उभे करायचे?

मीठ_भाकर
जय ख्रिस्त. घाईत लिहितोय. भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरलंय. एजन्सीने एकूण ३८ हजार डॉलरचा अंदाज दिलाय, हातात १४ आहेत. क्रेडिट कार्ड, घरावर कर्ज, काहीही नको. त्यावर चर्चाही नको. पुढच्या महिन्यात पहिला हप्ता आहे. उरलेले २४ कुठून आणायचे? "प्रार्थना करा" एवढंच लिहू नका, ती चालूच आहे.

हिशेबनीस
डॉलर म्हणताय म्हणजे अमेरिका धरतो. दोघांपैकी नागरिक कोण? होम स्टडी, म्हणजे दत्तकासाठी तुमच्या घराची आणि परिस्थितीची तपासणी, झाली का? कंपनी दत्तकासाठी काही देते का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सुकी_भेळ
एवढा खर्च कशाला? गावाकडच्या नात्यातलंच मूल घ्या की. फुकटात काम.

कागदवाली
@सुकी_भेळ, असं नसतं हो. बाल न्याय कायद्यात 'नातेवाईक' म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. चुलतभावाचं मूल त्यात बसत नाही. बसलं तरी कारा (भारताची केंद्रीय दत्तक संस्था) आणि अमेरिकेचा व्हिसा चुकत नाहीत.

@मीठ_भाकर, ३८ हजार एकरकमी लागत नाहीत. कधी काय लागतं ते आधी बघा. होम स्टडी आणि एजन्सीचा पहिला हप्ता सुरुवातीलाच. मग आय-८००ए, म्हणजे दत्तक घ्यायला तुम्ही पात्र आहात हे ठरवणारा अमेरिकी अर्ज, फी ९२० डॉलर. नोटरी, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का), पोलीस दाखले अशा किरकोळ खर्चाची बेरीज नेहमी चुकते, ती वेगळी धरा. मूल सुचवलं गेलं की स्वीकारायला ३० दिवस मिळतात, आणि तेव्हा भारतातल्या संस्थेचे ठरलेले ५,००० डॉलर. त्या मुलासाठीच्या पहिल्या आय-८०० अर्जाला फी नाही. प्रवास सगळ्यात शेवटी. म्हणजे १४ हजारांत सुरुवात होते. अडचण येते ती मूल स्वीकारल्यानंतर, कारण तिथून मागे फिरणं सोपं नसतं.

दत्तकानंतरचे अहवाल विसरू नका. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी, एकूण सहा. ते अंदाजात धरलेत का, हे एजन्सीला लेखी विचारा. आणि ठरलेल्या ५,०००वर कोणी 'देणगी' मागितली तर द्यायची नाही, ती बेकायदा आहे.

हिशेबनीस
आता दत्तकाचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम. २०२५ साठी मुलामागे १७,२८० डॉलरपर्यंत. २०२५ पासून त्यातले ५,००० पर्यंत टॅक्स कमी भरत असलात तरी हातात येतात. बाकीचं क्रेडिट टॅक्समधून वळतं होतं आणि उरलं तर पुढची ५ वर्षं ओढता येतं. त्यासाठी फॉर्म ८८३९.

लोक चुकतात ते इथेच. परदेशी दत्तकात क्रेडिट दत्तक पूर्ण झालेल्या वर्षी किंवा त्यानंतरच मागता येतं. तोवर पैसे तुमच्या खिशातून. म्हणून विमानाच्या तिकिटांसाठी हे धरू नका. दत्तक ज्या वर्षी पूर्ण होणार त्या वर्षी कंपनीला द्यायच्या डब्ल्यू-४ फॉर्मच्या तिसऱ्या पायरीत अंदाजाचं क्रेडिट लिहा, दर पगारातली टॅक्स कपात कमी होते. कंपनीने जो खर्च दिला, तो क्रेडिटमध्ये पुन्हा धरायचा नाही.

शेवटचा_बाक
निवृत्तीच्या खात्यातून काढा. २०१९ च्या कायद्याने आयआरए या निवृत्ती खात्यातून प्रत्येक पालकाला ५,००० विनादंड, दोघांचे १०,०००. तीन वर्षांत परत भरता येतात.

हिशेबनीस
दंड नाही, पण टॅक्स लागतो. शिवाय ही सवलत दत्तक पूर्ण झाल्यानंतरच्या एका वर्षातच. त्याआधी काढलेत तर दंड भरावा लागेल. म्हणजे हाही पैसा मागाहूनचाच.

वचनप्रेमी
अनुदानं बघा. शो होप ही संस्था ख्रिस्ती कुटुंबांना देते, लाइफसाँग ही संस्था मंडळीबरोबर (म्हणजे तुमच्या चर्चबरोबर) जुळणी अनुदान देते: मंडळीने जमवलेल्या पैशांना ते आपली रक्कम जोडतात. बिनव्याजी कर्जही मिळतं.

शेवटचा_बाक
कर्ज नको म्हणाले ना ते? बिनव्याजी झालं तरी कर्जच.

वचनप्रेमी
व्याज नसलेलं उसनं आणि सावकारी यांत फरक आहे. टॅक्स क्रेडिट येईपर्यंतची सोय आहे ती, चैन नव्हे.

शेवटचा_बाक
क्रेडिट पुढच्या वर्षावर गेलं की हप्ते चालूच. दत्तकाच्या तारखा कुणाच्या हातात असतात?

कागदवाली
भांडण नंतर. कर्ज घेतलंत तर होम स्टडी करणाऱ्याला सांगावं लागतं. आर्थिक स्थिती बरीच बदलली तर सुधारित होम स्टडी लागते, तिची फी वेगळी. आणि अनुदानासाठी होम स्टडी आधी पूर्ण लागते. रक्कम बहुधा थेट एजन्सीकडे जाते, तुमच्या हातात नाही. त्यामुळे तो पैसा मधल्या-शेवटच्या हप्त्यांना लावा, पहिल्याला नको.

धान्याची_कोठी
भारतात ख्रिस्ती लोकांना पूर्वी दत्तक घेताच येत नव्हतं. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा, तो आपल्याला लागू नाही. १८९० च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळायचं. आता बाल न्याय कायद्याने कुठल्याही धर्माच्या माणसाला घेता येतं.

हिशेबनीस
माहिती चांगली, पण विचारलंय कोणी?

वचनप्रेमी
चर्चमध्ये स्नेहभोजन ठेवा, मुलाचा फोटो ऑनलाइन टाका, देणगीदारांना टॅक्स सूटही मिळेल.

कागदवाली
फोटो अजिबात नको. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एजन्सीलाही त्रास.

आणि सूट? 'अमुक कुटुंबाला' असं लिहून दिलेल्या देणगीवर टॅक्स सूट नाही. पैसे कुणाला द्यायचे, हे चर्चच्या ताब्यात हवं. म्हणून मंडळीने दत्तक मदत निधी उघडावा, कार्यकारिणीने ठराव करावा, अर्ज इतरांसाठीही खुला ठेवावा. पाळकांच्या खात्यात तर पैसे नकोतच.

मीठ_भाकर
थँक्यू. नागरिक बायको, माझं ग्रीन कार्ड. होम स्टडी अर्धी झालीय. कंपनीचं विचारलंच नव्हतं. पहिला हप्ता १४ मधून भरतो. मंडळीत साठ कुटुंबं आहेत, निधीचं पाळकसाहेबांशी बोलतो.

कागदवाली
मग ताईंच्या नावाने आय-८००ए भरा, दोघांचं ग्रीन कार्ड असतं तर इथेच अडलं असतं. होम स्टडी यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) पोचताना सहा महिन्यांपेक्षा जुनी नसावी. अर्धवट ठेवून निधी जमवत बसू नका, पुन्हा करावी लागेल.

हिशेबनीस
कंपनीच्या एचआरला 'दत्तक साहाय्य' असं नेमकं विचारा, नुसतं 'मदत' नको. लेखी योजना आहे का, आणि किती महिने नोकरी झालेली असावी लागते?

सुकी_भेळ
मुलगा की मुलगी?